मराठीखालोखाल कोणती भाषा?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा एक भाषिक नकाशा २०१४ साली बराच गाजला. प्रत्येक संस्थानात इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन भाषा बाजूस ठेवल्या, तर घरोघरी सर्वांत अधिक बोलली जाणारी भाषा कोणती उरते, हे त्यात रंगांनी दाखविले होते. लुइझियानात फ्रेंच, टेक्ससमध्ये व्हिएतनामी, कॅलिफोर्नियात फिलिपिन्समधील तागालोग, मिशिगनमध्ये अरबी, आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिको या दोन संस्थानांत तेथील मूळ रहिवाशांची नवाहो, असे ते चित्र होते. मध्यभागातील पुष्कळशा संस्थानांवर जर्मन भाषेचा रंग पसरलेला होता. इंग्रजीच्या एकछत्री अंमलाखाली इतक्या भाषा नांदत आहेत, हे पाहून सामान्य वाचकास आश्चर्य वाटले, आणि ते स्वाभाविकच होते.

असा नकाशा महाराष्ट्राचा काढावयाचा झाल्यास काय दिसेल, हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर कुतूहलाचा दिसतो. परंतु मुलांना कोणत्या भाषेतून शिकवावे, सरकारी सूचना कोणत्या भाषेत निघाव्यात, आणि एखादी बोली सरकारदप्तरी अस्तित्वात आहे की नाही, या गोष्टी त्याच्या उत्तराशी निगडित आहेत. म्हणून त्याचा विचार आकड्यांइतकाच आकडे ज्या रीतीने तयार होतात त्या रीतीच्या अंगानेही करावा लागतो.

प्रथम आकडे पाहू. २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. त्यामुळे प्रसिद्ध झालेले शेवटचे भाषिक आकडे २०११ चेच आहेत. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. त्यांपैकी शेकडा सुमारे ६९ लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली. हिंदीच्या सदराखाली शेकडा सुमारे १३, उर्दूखाली शेकडा पावणेसातच्या आसपास, आणि गुजरातीखाली शेकडा दोनांहून किंचित अधिक लोक नोंदले गेले. तेलुगू भाषिक सुमारे १३ लाख, कन्नड सुमारे १० लाख आणि सिंधी सुमारे सात लाख होते. यांखेरीज भिली, खानदेशी, गोंडी, कोरकू, कोलामी इत्यादी भाषा आहेतच. अमेरिकन नकाशाची रीत येथे जशीच्या तशी लावली, म्हणजे मराठी व हिंदी वगळली, तर संपूर्ण राज्याचे उत्तर ‘उर्दू’ असे येते. जिल्हावार पाहू गेल्यास मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या मोठ्या भागावर हाच रंग येईल. नंदुरबारवर भिलीचा, धुळ्याकडे खानदेशीचा, दक्षिण सीमेवर कन्नडचा आणि सोलापूर शहरावर तेलुगूचा रंग दिसू लागेल.

अशा नकाशाचा एक मोठा दोष असा, की त्यात तिसरे स्थान फार स्वस्तात मिळते. पहिल्या दोन भाषा वगळल्यावर उरलेल्यांत शेकडा अर्धा लोकसंख्येची भाषादेखील एखादा संपूर्ण प्रांत रंगवू शकते. अमेरिकेच्या मध्यभागी जर्मन रंग दिसतो म्हणून तेथे गल्लोगल्ली जर्मन ऐकू येते असे समजणे चुकीचे होईल. उलटपक्षी, जी भाषा एका लहानशा टापूत अगदी दाट बोलली जाते, परंतु जिल्ह्याच्या बेरजेत मागे पडते, ती नकाशावरून पुसली जाते. मेळघाटातील कोरकूचे हेच होते. धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू ही नित्य व्यवहाराची भाषा आहे. पण अमरावती जिल्हा एकत्र मोजला की उर्दू भाषिकांची शहरी संख्या तिला झाकून टाकते.

याहून सूक्ष्म असा दुसरा दोष मात्र नकाशाचा नसून त्याखालील आकड्यांचा आहे. तो नीट समजावा म्हणून आपण पुण्याच्या मंडईकडे वळू. मंडई हा शब्दच संस्कृत ‘मंडपिका’ या शब्दाशी जोडला जातो. जकात घेण्याची, माल उतरविण्याची जागा असा त्याचा जुना अर्थ. शुक्रवार पेठेतील आजची दगडी इमारत वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधली व १८८६ साली ती खुली झाली. त्या वेळी तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. ज्या जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता, त्यांचेच नाव तिला मिळावे, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग होय. घाऊक व्यापार नंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला; किरकोळ विक्री मात्र मंडईत आणि तिच्या भोवतालच्या बोळांत आजही चालते.

मंडईची भाषा मराठी आहे, याविषयी शंका नाही. गिऱ्हाइकाशी, शेतकऱ्याशी, हमालाशी आणि नगरपालिकेच्या माणसाशी बोलणे होते ते मराठीतच. या मराठीच्या पोटातही दूरदूरचे शब्द येऊन बसले आहेत. तराजू, बाजार, दुकान, दलाल हे फार्सी-अरबीच्या वाटेने आले; बटाटा, कोबी, अननस, पपई हे पोर्तुगीजांमार्फत आले. परंतु ही झाली उसन्या शब्दांची गोष्ट. आपला प्रश्न निराळा आहे. दुकान बंद करून ही माणसे घरी गेल्यावर कोणत्या भाषेत बोलतात, आणि ती भाषा जनगणनेत कोठे जाऊन पडते?

फळे आणि भाजी विकणारा बागवान समाज घ्या. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांतील मंडयांतून हा समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाजारात त्याचे मराठी इतके सहज असते की ऐकणाऱ्यास भेद कळू नये. घरी बोलली जाते ती दखनी. ‘नक्को’ हा तिचा नकार मराठी ‘नको’वरून आलेला आहे, ‘मैंच’, ‘वहींच’ यांतील जोर देणारा ‘च’ही मराठीचाच, आणि ‘लोगां’, ‘बातां’ अशी अनेकवचने उत्तरेकडील उर्दूत सापडणार नाहीत. तरी गणनेस आलेल्या माणसाने मातृभाषा विचारली की उत्तर बहुधा ‘उर्दू’ असेच येते, कारण शाळा, मदरसा आणि वर्तमानपत्र यांची भाषा ती आहे. महाराष्ट्रात उर्दूच्या सदरात जे सुमारे ७५ लाख लोक आहेत, त्यांत दखनी बोलणारे किती आणि खरोखरीची उर्दू बोलणारे किती, हे त्या सदरावरून समजू शकत नाही. कोकणातील मुसलमान घरी जी बोली बोलतात ती तर मराठी-कोकणीच्या कुळातील आहे. तेथेही ‘उर्दू’ असे उत्तर देणारे आढळतात.

किराणा आणि धान्याच्या पेढ्यांवरील मारवाडी व्यापारी घरी मारवाडी बोलतो. जनगणनेने मारवाडीचा समावेश हिंदीत केला आहे. २०११ साली सबंध देशात ७८ लाखांहून अधिक लोकांनी मारवाडी सांगितली, आणि ते सर्व हिंदी भाषिकांच्या बेरजेत गेले. कच्छी व्यापाऱ्याचे प्रकरण आणखी चमत्कारिक आहे. त्याच्या वह्या गुजरातीत, वाचन गुजरातीत, मुलांची शाळा एके काळी गुजराती; परंतु घरची कच्छी ही भाषाशास्त्रदृष्ट्या सिंधीच्या जवळची, म्हणून ती सिंधीच्या सदराखाली मोजली जाते. हे वर्गीकरण शास्त्रास धरून आहे, यात संशय नाही. मात्र त्याचा परिणाम असा, की महाराष्ट्रातील सिंधी भाषिकांचा आकडा पाहून कोणी फाळणीनंतर पिंपरी किंवा उल्हासनगर येथे वसलेल्या निर्वासितांचा अंदाज बांधू लागला, तर त्यात कच्छी मंडळी नकळत मिसळलेली असतात. आणि जो गुजराती शाळांची गरज मोजू पाहील, त्याच्या हिशेबातून हीच मंडळी गळालेली असतील.

आता मंडईच्या कडेला येऊ. टोपल्या विणणारे कैकाडी, आणि पाटे-वरवंट्यांना टाकी लावणारे वडार. कैकाड्यांची घरची भाषा द्राविड कुळातील असून येरुकल, कोरव या दक्षिणेकडील बोलींशी तिचे नाते आहे. जनगणना ती तमिळच्या सदरात घालते. वडारी ही तेलुगूच्या सदरात. म्हणजे ज्याने मद्रासचे तोंड पाहिले नाही आणि ज्याला तमिळ अक्षर ओळखता येत नाही, तो टोपलीवाला सरकारदप्तरी तमिळ भाषिक ठरतो! पारधी आणि वारली यांची नोंद भिलीखाली होते. लमाणांची गोरबोली हिंदीखाली जाते. २०११ मध्ये देशभर ३२ लाखांहून अधिक लोकांनी तिची नोंद केली होती. सर्वाधिक काळ, १९६३ ते १९७५ पर्यंत, महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद ज्यांनी भूषविले ते वसंतराव नाईक याच बंजारा समाजातले. परंतु त्या समाजाच्या भाषेस भाषांच्या यादीत स्वतंत्र ओळ नाही.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे; केवळ गणनाधिकाऱ्यांस दोष देऊन भागणार नाही. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे बालपणी त्या व्यक्तीशी तिच्या आईने जी भाषा बोलली ती. आई लहानपणीच वारली असल्यास त्या घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. उत्तर जसे येईल तसे लिहून घ्यावयाचे असते. २०११ मध्ये अशी जी निरनिराळी नावे हाती आली त्यांची संख्या १९,५६९ होती. कोणी जातीचे नाव सांगतो, कोणी गावाचे, कोणी धंद्याचे. एकाच बोलीची पाच-दहा नावे निघतात. ती तपासून व एकत्र करून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या, आणि त्यांचे पुन्हा १२१ भाषांत वर्गीकरण झाले. त्यांपैकी २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील आणि ९९ तिच्याबाहेरच्या. ही गाळणी अवश्यच आहे. तिच्यावाचून तक्ता तयारच होणार नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणती बोली कोणत्या भाषेच्या पदरी घालावी, हा निर्णय केवळ व्याकरणावर होतो की परंपरेने चालत आलेल्या सोयीवर.

या बाबतीत खानदेशीचे उदाहरण उद्बोधक आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला १९०५ साली एक स्वतंत्र खंड दिला; परंतु खानदेशी ऊर्फ अहिराणी त्यांनी तेथे न घेता भिली भाषांबरोबर, १९०७ च्या खंडात घेतली. तिची ठेवण गुजराती-राजस्थानीकडे झुकते असा त्यांचा अभिप्राय होता. ‘माझा’ऐवजी ‘मना’, षष्ठीसाठी ‘ना-नी’ हे प्रत्यय, अशी तिची लक्षणे कोणाही मराठी माणसास चटकन जाणवतात. पुढे अनेक मराठी विद्वानांनी तिला मराठीचीच बोली मानले, आणि हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. परंतु ग्रिअर्सनने वेगळे बसविल्यामुळे म्हणा अथवा अन्य कारणाने म्हणा, खानदेशीची ओळ जनगणनेत स्वतंत्र राहिली. २०११ साली तीत १८ लाखांहून अधिक लोक होते. गोरबोली बोलणारे याहून पुष्कळ अधिक, पण त्यांची ओळ हिंदीच्या पोटात. वेगळेपणाची पातळी पाहिली तर गोरबोली आणि प्रमाण हिंदी यांतील अंतर अहिराणी आणि मराठी यांतील अंतराहून कमी आहे, असे निदान मला तरी वाटत नाही.

लहान भाषांवर आणखी एक नियम लागू होतो. देशात दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेली मातृभाषा स्वतंत्र नावाने छापली जात नाही. तिची गणना ‘इतर’मध्ये होते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली नावाची भाषा बोलली जाते. ती आर्यभाषा नव्हे, द्राविड नव्हे, आणि शेजारच्या कोरकूसारखी मुंडा कुळातीलही नव्हे. तिच्या कुळाचा पत्ता आजपर्यंत लागलेला नाही. जगातील भाषाशास्त्रज्ञ जिच्यासाठी महाराष्ट्रात येऊ इच्छितात, ती भाषा महाराष्ट्राच्या तक्त्यांत दिसत नाही, कारण तिचे बोलणारे काही हजारांच्या वर नाहीत. २०१० नंतर गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचे महत्त्व येथे आहे. त्याच्या महाराष्ट्राच्या खंडात भटक्या-विमुक्तांच्या व आदिवासींच्या अशा अनेक बोलींची दखल घेतली गेली.

सीमाभागात अल्पसंख्य भाषेचा प्रश्न निराळे रूप घेतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत या तालुक्यांत कन्नड बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने हे प्रदेश म्हैसूर राज्यास, म्हणजे आजच्या कर्नाटकास, द्यावेत, तर निपाणी, खानापूर इत्यादी भाग महाराष्ट्रास द्यावेत अशी शिफारस १९६७ मध्ये केली. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवले. ती शिफारस महाराष्ट्रास मान्य झाली नाही आणि अंमलातही आली नाही. त्या राजकारणात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढेच नमूद करावयाचे, की बेळगावचा मराठी माणूस जी वागणूक तेथील सरकारकडे मागतो, तीच जतचा कन्नड माणूस येथील सरकारकडे मागतो, आणि दोघांचाही आधार राज्यघटनेतील एकच कलम आहे.

ते कलम ३५० (अ) होय. १९५६ साली, राज्यपुनर्रचनेच्या वेळी सातव्या घटनादुरुस्तीने ते घातले गेले. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. व्यवहारात याचे माप १९४९ सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आधीच ठरविले होते: संपूर्ण शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असल्यास शिक्षक द्यावा. सरकारी सूचना, नियम वगैरेंसाठी दुसरे माप आहे. एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत त्या भाषेचे लोक शेकडा १५ ते २० असल्यास त्या त्या भाषेतही त्या प्रसिद्ध कराव्यात. दोन्ही मापांत फरक आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. पुण्यासारख्या शहरात गुजराती, तेलुगू किंवा तमिळ लोक पेठांपेठांतून आणि लष्कर भागात विखुरलेले; शेकडा पंधराची मर्यादा त्यांपैकी कोणासही गाठता येणार नाही. परंतु चाळीस मुले गोळा करणे एके काळी अवघड नव्हते. म्हणूनच या शहरात गुजराती आणि उर्दू शाळा उभ्या राहिल्या, आणि बालभारतीची पुस्तके मराठी, इंग्रजीखेरीज हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी व तेलुगू या भाषांतूनही निघाली.

आज हीच चाळीस मुले जमणे कठीण होऊ लागले आहे. पालकांचा ओढा इंग्रजी शाळांकडे आहे. गुजराती किंवा सिंधी घरातील मूल इंग्रजीतून शिकते, मराठी विषय म्हणून घेते, आणि घरची भाषा बोलण्यापुरती उरते. या भाषांची गोष्ट तरी बरी. त्यांना अन्यत्र राज्य आहे, वाङ्मय आहे. सिंधीस राज्य नसले तरी १९६७ पासून आठव्या अनुसूचीत स्थान आहे. खरी अडचण आहे ती दुसऱ्याच्या पोटात मोजल्या गेलेल्या बोलींची. लमाणांच्या तांड्यावरील मुलाची नोंद हिंदी भाषिक अशी झाली, तर घटनेने देऊ केलेली सोय त्याला हिंदी शाळेच्या रूपाने मिळावयाची! तिचा त्याला उपयोग नाही. ते मूल मराठी शाळेत जाते आणि पहिली दोन वर्षे गुरुजींचे बोलणे पुरते समजत नाही म्हणून मागे पडते. कैकाड्याच्या मुलास तमिळ शाळा आणि वडाराच्या मुलास तेलुगू शाळा हा तोडगा तितकाच निरर्थक होय. त्यांना हवे आहे ते असे, की मराठी शाळेतील शिक्षकास त्यांच्या बोलीची तोंडओळख असावी, आणि पहिलीच्या वर्गात त्या बोलीचा पूल म्हणून उपयोग व्हावा. नंदुरबार, मेळघाट आणि गडचिरोली येथील आदिवासी मुलांच्या बाबतीत ही गोष्ट शिक्षणखात्याने तत्त्वतः तरी मानली आहे. गावकुसाबाहेरच्या आणि शहराच्या पालांतील मुलांच्या बाबतीत ती अजून मानली गेलेली नाही, कारण त्यांची भाषा कोणत्याच जिल्ह्याच्या नकाशावर रंगरूपाने उमटत नाही.

वास्तविक जनगणनेच्या छापील तक्त्यांत भाषांच्या मोठ्या ओळींखाली मातृभाषांच्या बारीक ओळी दिलेल्या असतात. मारवाडी, लमाणी, कच्छी, वडारी, कैकाडी ही सर्व नावे तेथे वेगवेगळी सापडतात, आणि त्यांचे तालुक्यांपर्यंतचे आकडेही मिळतात. नकाशे काढणारे आणि धोरण आखणारे मोठ्या ओळीवर थांबतात, हा दोष तक्त्याचा नव्हे. आणखी एक रकाना सहसा दुर्लक्षिला जातो: मातृभाषेखेरीज येणाऱ्या दोन भाषांचा. मंडईतील माणसाच्या बाबतीत तोच सर्वांत बोलका आहे. मारवाडी दुकानदार तेथे मराठी आणि हिंदी लिहून देईल, बागवान मराठी आणि कदाचित इंग्रजी. आणि ज्याची मातृभाषा मराठी आहे असा शेजारचा गाळेवाला त्या रकान्यात हिंदी लिहून थांबेल, जरी दिवसभर कानी पडणारी दखनी आणि मारवाडी त्याला उत्तम समजत असली तरी. समजणे आणि बोलणे यांतील हा फरक प्रश्नावली टिपत नाही.

पुढची जनगणना २०२७ साठी जाहीर झालेली आहे. तिच्या वेळी वडारी आणि कैकाडी बोलणाऱ्या वस्त्यांत गणनेस जाणाऱ्या शिक्षकांना ‘तुमची भाषा कोणती?’ असे न विचारता ‘लहानपणी आई तुमच्याशी काय बोलत असे?’ असे विचारण्यास सांगितले, तर व्याख्येतील शब्दच प्रश्नात उतरतील. पुण्यापुरते बोलावयाचे तर मंडई, भवानी पेठ, नाना पेठ आणि गुलटेकडी एवढ्या टापूतील दुकानदार, हमाल, टोपलीवाले व फेरीवाले यांची घरची भाषा आणि बाजारची भाषा अशी दुहेरी नोंद दोन-तीन विद्यार्थ्यांस एका सुट्टीत सहज करता येईल. त्या नोंदीत मुलांच्या शाळेची भाषा हा तिसरा रकाना घालावा.